सत्कार किती हायेत?

आमच्या दुकानात कुणी फ्लॅश विकत घ्यायला आलं, की कुठल्या कंपनीचा हवा हे अप्पा विचारत नसत. कपाळावरच्या विभूतीला धक्का लागणार नाही अशा बेतानं ते चष्मा वर सरकवायचे आणि म्हणायचे, "सत्कार किती हायेत?"

नवखा फोटोग्राफर गडबडायचा. मुरलेला असेल तर काउंटरला रेलून बोटं मोजायला लागायचा. माजी सभापती येणार, बाजार समितीवाले येणार, नवरदेवाचा मामा सरपंच आहे म्हणून त्याची अख्खी पंचायत येणार. बोटं संपली की अप्पा म्हणायचे, "मग ह्यो न्हाई, त्यो घ्या," आणि कपाटातला दुसरा डबा काढायची मला खूण करायचे.

बीडबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं उलगडून सांगायला हवं. आमच्याकडच्या मोठ्या लग्नात लग्न लागायच्या आधी सत्कार असतात. वजनदार पाहुण्यांची नावं एकेक करून माइकवर पुकारतात. पाहुणा स्टेजवर येतो, त्याला फेटा बांधतात, शाल घालतात, हातात नारळ देतात. नवरा-नवरी बाजूला ताटकळत असतात आणि मुहूर्त केव्हाच टळलेला असतो. प्रत्येक सत्काराचा फोटो निघावाच लागतो, कारण फोटोशिवाय झालेला सत्कार पाहुणा मानत नाही. तेव्हा लग्न लागेपर्यंत फ्लॅशमध्ये जीव उरला पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला हिशेब. कॅमेऱ्याबरोबर कंपनीचं जे इंग्रजी पुस्तक यायचं, त्यात हा हिशेब कुठंच नव्हता. ती पुस्तकं मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली आहेत, म्हणून खात्रीनं सांगते.

मला नोकरी मिळाली ती या पुस्तकांमुळेच. माझं शिक्षण औरंगाबादला, इंग्रजी शाळेत झालं. वडिलांची बदली बीडला झाली तेव्हा पदवी हातात होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. कॅमेऱ्यातला रोल जाऊन मेमरी कार्ड यायला लागलं होतं, ते दिवस. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत अप्पांचं दुकान. त्यांनी मुलाखतीत एका कॅमेऱ्याचं पुस्तक उघडून पुढं केलं आणि म्हणाले, "ह्ये काय म्हनतंय, मराठीत सांगा." मी सांगितलं, पण इतक्या हळू आवाजात, की त्यांना काउंटरवर ओणवं व्हावं लागलं. वाटलं, संपलं. ते म्हणाले, "कमी बोलता, ते लई बरं हाय. गिऱ्हाइकाला बोलू द्यावं मानसानं."

त्या दिवसापासून मी त्यांची 'मॅडम' झाले. या शब्दात थट्टा किती आणि मान किती हे मला कधी नीट कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

लोकांना वाटतं कॅमेऱ्याच्या दुकानात कॅमेरे विकले जातात. कॅमेरा माणूस एकदा घेतो. नंतर वर्षानुवर्षं तो येतो ते कॅमेऱ्याला लागणाऱ्या जोडसामानासाठी, म्हणजे फ्लॅश, सेल, कार्ड, फिल्टर, बॅग आणि तिपाई ऊर्फ ट्रायपॉडसाठी. यातलं काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे सांगणं हा खरा धंदा. अप्पांचा नियम सोपा होता. ज्या वस्तूवाचून काम अडतं ती आधी, जिच्यामुळे रुबाब येतो ती नंतर. मात्र रुबाबानंही काही वेळा काम होतं, हे ते मान्य करायचे. लेन्सच्या तोंडाशी बसवायचा काळा पत्रा असतो, त्याला हूड म्हणतात. आडवं ऊन लेन्सवर पडू नये म्हणून तो लावायचा. मांजरसुंब्याचा एक फोटोग्राफर हूड मागायला आला तेव्हा मी त्याला उन्हाचं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उन्हाचं असंल ते असंल, मॅडम. ह्ये लावलं की कॅमेरा मोठा दिसतो अन् पाव्हणे बाजूला सरकतेत." त्यानंतर हूडचे हे दोन्ही फायदे मी गिऱ्हाइकाला सांगू लागले.

फिल्टरचंही तसंच. लेन्सपुढची ती साधी काच पुस्तकात अदृश्य किरणांसाठी सांगितली होती. आमच्याकडे ती हळदीसाठी खपायची. हळद, गुलाल, भंडारा, आणि लग्नात फेकतात त्या रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता. यातलं काही लेन्सवर बसलं की ओरखडा कायमचा. काच फुटली तर दुसरी मिळते.

पक्ष्यांचे फोटो काढणारे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांना सगळ्यात भारी ट्रायपॉड हवा होता. अप्पांनी त्यांना कुठं बसता, कसं बसता, असं बराच वेळ विचारलं. गुरुजी तलावाच्या बांधावर पोटावर झोपून फोटो काढायचे. अप्पांनी ट्रायपॉडचा डबा उचलून परत कपाटात ठेवला. "घरी जावा, गुरुजी. बाईसाहेबाकडून एक पिशवी शिवून घ्या, तिच्यात ज्वारी भरा. बांधावर पिशवी, पिशवीवर लेन्स. हलतच न्हाई." गुरुजी गेल्यावर मी बहुतेक अप्पांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेल. ते म्हणाले, "काय बघता? आज पिशवी सांगितली म्हणून उद्या लेन्स घ्यायला इथंच येतेत." गुरुजी आलेही.

आता सुनंदाताईंविषयी. खरं म्हणजे हा लेख त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

सुनंदाताई तलवाड्याच्या. नवऱ्याचा तिथं फोटो स्टुडिओ होता. नवऱ्याची नजर कमी होत गेली तसा कॅमेरा ताईंच्या हाती आला. पण गावोगाव त्यांना बोलावणं यायचं ते हळदीचं, ओटीभरणाचं, डोहाळजेवणाचं, म्हणजे जिथं बायकांत पुरुष नको तिथलं. लग्न लागताना मात्र बीडहून किंवा गेवराईहून पुरुष फोटोग्राफर यायचा. ताई तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून पंगतीत जेवायला बसायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी स्टीलचा मोठा डबा काउंटरवर ठेवला. मला वाटलं, गावाकडून काही खायचं आणलं. डब्यात मऊ लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला नवाकोरा डिजिटल एसएलआर होता. लेन्स बदलता येते आणि फोटो कार्डावर उतरतो, असा कॅमेरा. तेव्हा तो जिल्ह्यात मोजक्याच लोकांकडे होता.

"अप्पा, मला लग्न भेटलंय," त्या म्हणाल्या. "सगळं. हळद, अक्षता, पाठवणी."

लग्न होतं तलवाड्याच्या शेजारच्या गावातल्या एका पुढाऱ्याच्या पुतणीचं. या पुढाऱ्याला सगळे दादा म्हणायचे. मुलीचा बाप ती लहान असतानाच गेला होता आणि दादांनीच तिला वाढवलं होतं. तिचे बारशापासूनचे फोटो ताईंनी आणि त्यांच्या नवऱ्यानं काढलेले. ती हटून बसली, की लग्नाचे फोटोही ताईच काढतील. दादांना ते पटलं नव्हतं. पुतणीचं मन मोडवेना म्हणून हो म्हणाले, पण ताईंना बोलावून बजावलं, की अक्षता पडतानाचा फोटो आलाच पाहिजे. तो एक क्षण असतो. अंतरपाट खाली जातो, अक्षता पडतात, संपलं. तो चुकला तर तालुक्यात पुन्हा कुणी बाईला लग्नाचं काम देणार नव्हतं. आणि तो चुकावा म्हणून वाट बघणारे फोटोग्राफर बरेच होते, त्यातले काही आमचेच गिऱ्हाईक.

"सत्कार?" अप्पांनी विचारलं.

ताई नुसत्या हसल्या. "दादाच्या घरचं लग्न हाय, अप्पा."

त्यांना ट्रायपॉड हवा होता, मोठी बॅग हवी होती, दुरून बटण दाबायचा रिमोट हवा होता, कारण बीडच्या मोठ्या फोटोग्राफरांकडे त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. अप्पांनी एकेक वस्तू नाकारली. मंडपात ट्रायपॉडला पोरंच अडकून पडतील. बॅगेपेक्षा तुमचा डबा बरा, पडला तरी वाजतो, हरवत नाही. रिमोट कशाला, तुम्ही काय घरी बसणार आहात? मग ताईंना द्यायला हूड आणि फिल्टर बाजूला काढून ठेवले. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन लहान कार्डं दिली, एक बिघडलं तर निम्मं लग्न तरी हाती राहावं म्हणून. राहिली एकच मोठी वस्तू घेण्याची ऐपत. अप्पांच्या मते ती मोठा फ्लॅश. फ्लॅश ताईंकडे होता, पण जुना आणि मध्यम ताकदीचा.

मी सहसा मध्ये बोलत नसे. त्या दिवशी बोलले. म्हटलं, मोठा फ्लॅश नको. बॅटरी ग्रिप द्या. कॅमेऱ्याच्या तळाला बसणारा तो एक ठोकळा असतो. तो लावला की कॅमेरा त्याच्या स्वतःच्या बॅटरीऐवजी बाजारातल्या पेन्सिल सेलवरही चालतो. गावात दिवसाचे कितीतरी तास वीज नसते. कॅमेऱ्याची बॅटरी संपली की ती चार्ज करायला जागा नाही, आणि मंडपातल्या जनरेटरवर चार्जर लावायचा नाही, विजेचा दाब वरखाली होऊन तो जळतो, हे तर अप्पांचंच सांगणं. फ्लॅश पेन्सिल सेलवर चालतो. ग्रिप लावली तर कॅमेराही त्याच सेलवर चालेल.

"म्हंजी दोघांनाबी एकच भाकर," ताई म्हणाल्या.

अप्पांनी मोठ्या फ्लॅशचा डबा हळूच मागं सरकवला. "मॅडमना वाचा फुटली," ते म्हणाले आणि ग्रिप काढली. मग ताईंनी आणखी एक मागणी केली. हळदीच्या खोलीत सामान धरायला कुणी बाईमाणूस मिळेल का? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. तसं पाहिल्यानं सुटका झाली नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. रोलच्या काळात सत्कारांवर फोटोग्राफर मंडळींनी एक तोड काढली होती. रोलमधल्या फोटोंपेक्षा सत्कार जास्त, आणि त्यातले निम्मे अल्बममध्ये कुणाला नकोच असायचे. म्हणून फोटो न काढता नुसता फ्लॅश उडवायचा. याला खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणत. उजेड पडला की पाहुणा खूश, रोल शिल्लक. रोलच्या कॅमेऱ्यामागं फोटो दिसायचा पडदा नसल्यामुळे कुणाला कळत नसे. डिजिटल आला आणि ही सोय गेली. सत्कार होताच पाहुण्याबरोबर आलेले कार्यकर्ते स्टेजवर चढायचे आणि म्हणायचे, "दाखव." मग पडद्यावर फोटो दाखवायचा, तो त्यांनी मोठा करून बघायचा, डोळे मिटलेत म्हणून पुन्हा काढायचा. अशानं फ्लॅशचे सेलही जात आणि कॅमेऱ्याची बॅटरीही.

लग्नाच्या दिवशी हळद छान पार पडली. बायकांच्या खोलीत ताईंना मी पहिल्यांदा काम करताना पाहिलं. त्या कुणालाही "इकडं बघा" म्हणायच्या नाहीत. एका म्हातारीशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलता बोलता तिच्या सुनेचा फोटो काढायच्या. खोलीभर हळद उडत होती. थोड्या थोड्या वेळानं त्या पदराच्या आतल्या बाजूनं फिल्टर पुसायच्या आणि पुन्हा गप्पांत शिरायच्या. मला माणसांच्या घोळक्यात काय करावं हे आजही कळत नाही. या बाईला ते पाण्यासारखं जमत होतं.

मग मंडपात सत्कार सुरू झाले. मी स्टेजच्या कडेला डबा धरून उभी. नावं पुकारली जात होती आणि ती संपत नव्हती. एक कार्यकर्ता तर ताईंच्या हातातून कॅमेराच ओढू लागला. "दाखव की बे," असं तो सवयीनं म्हणाला, मग समोर बाई आहे हे लक्षात येऊन ओशाळला. ताई म्हणाल्या, "बे म्हनायला मी तुझ्या तालमीतली न्हाई. हात मागं घे, दावते." पण दाखवावं लागलंच. कॅमेऱ्याची बॅटरी गेली. ग्रिपमध्ये सेल घातले. पाठोपाठ फ्लॅशचे गेले, दुसरे घातले. आम्ही बीडहून नेलेले चांगले सेल संपत आले तेव्हा गावातल्या दुकानातून आणवले. ते कधीचे पडून होते कोण जाणे, घातले आणि मेले. एकाला मोटारसायकलवर फाट्यावर पिटाळलं.

तो परत यायच्या आत माइकवरून घोषणा झाली. मुख्य पाहुण्यांना दुसऱ्या लग्नाला जायचं असल्यामुळे उरलेले सत्कार नंतर होतील, मंगलाष्टकं आत्ताच सुरू करावीत. भटजींनी सुरूही केली.

ग्रिपमधले सेल तेवढ्यात संपले. फ्लॅशमध्ये चांगले सेल होते आणि डब्यात एखादा जोड. त्या सगळ्यांनी मिळून एकाचंच पोट भरणार होतं, फ्लॅशचं किंवा कॅमेऱ्याचं. मी फ्लॅशकडे बघत राहिले, कारण मंडपात उजेड नव्हताच. वर लाल आणि पिवळं कापड, बाजूंना जाड कापडाच्या कनाती लावलेल्या. बाहेर कडक ऊन, आणि आत सगळ्यांचे चेहरे पिकल्या टोमॅटोसारखे लाल. फ्लॅशशिवाय तिथं चांगला फोटो निघेल असं मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं.

ताईंनी फ्लॅश उघडला, त्यातले आणि डब्यातले सेल काढून ग्रिपमध्ये भरले आणि मेलेला फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर तसाच ठेवून कॅमेरा उचलला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, त्या अंगाची कनात सोड. वर धर. मी सांगस्तोवर खाली सोडू नको."

ती कनात स्टेजच्या उजव्या बाजूला, पाहुण्यांच्या समोर होती. तिथं जायचं म्हणजे सगळ्या मंडपाच्या डोळ्यांसमोरून जायचं. मी शाळेत स्नेहसंमेलनाच्या दिवशी आजारी पडणारी मुलगी. घरातल्या लग्नांतसुद्धा फोटो निघायला लागले की मी पाणी आणायला जाते. त्या वेळी विचार करायला सवड मिळाली नाही, हे माझं नशीब. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले, कनातीच्या गाठी सोडल्या आणि जड कापड दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. मंडपात उन्हाचा पांढरा पट्टा शिरला. मागून कुणीतरी ओरडलं, "ही कोन बया? कावून मंडप सोडायली?" मी मान वळवली नाही. कापडातली धूळ डोळ्यांत जात होती. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं.

अंतरपाट खाली गेला. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. ताईंच्या कॅमेऱ्याचा खटखट आवाज मला ऐकू आला, पण फ्लॅश एकदाही उडाला नाही.

दादांनी ते पाहिलं होतं. गर्दी जरा पांगताच ते स्टेजवर आले. अंगानं भरदार, फेट्यात आणखी उंच दिसणारे. आवाज चढवला नाही, पण माइक जवळच होता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

"फ्लॅशच पडला न्हाई, बाई."

"न्हाई पडला," ताई म्हणाल्या.

"म्हंजी फोटो आला न्हाई."

"आलाय."

"दाव मग."

इथं ताईंनी जे केलं ते मी कधीही करू शकले नसते. त्यांनी कॅमेरा छातीशी धरला आणि म्हणाल्या, "दावत न्हाई, दादा. सेल संपत आलेत. पडदा लावला तर मंगळसूत्राचा फोटो जाईल. पोरीची पाठवणी जाईल."

दादांच्या मागं उभ्या असलेल्या एकानं सुचवलं, की अंतरपाट पुन्हा धरा, अक्षता पुन्हा टाका, गेवराईच्या फोटोग्राफरला फोन करा, तो तासाभरात येईल. दादा क्षणभर खरंच विचारात पडले. नवरीनं मान वर करून ताईंकडे पाहिलं.

ताई म्हणाल्या, "दादा, लग्न लागलं. पुन्ना धरला तर त्यो खेळ व्हईल. उद्या बीडला अप्पाच्या दुकानात या. फोटो न्हाई निघाला तर ह्यो कॅमेरा तुमच्या उंबऱ्यावर ठिवून जाईन, अन् पुन्ना कुनाच्या मंडपात पाऊल टाकनार न्हाई."

दादा स्टेजवरून खाली उतरले. ताईंनी मंगळसूत्राचे फोटो काढले, सप्तपदीचे काढले, पाठवणीचे काढले. मधल्या वेळात फाट्यावरचे सेलही आले. पण अक्षतांचा फोटो त्यांनी तेव्हाही पाहिला नाही. गाडीत मी धीर करून विचारलं, तर पदराच्या गाठीत बांधलेलं कार्ड चाचपत म्हणाल्या, "आता बघून काय बदलनार हाय का? उद्या सगळ्यासंगं बघू." म्हणजे फोटो आला आहे हे त्या नुसतं म्हणाल्या होत्या. कार्डात काय उतरलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादा सांगितल्या वेळी आले, सोबत दोघंतिघं. अप्पांनी चहा मागवला. ताईंनी गाठ सोडून कार्ड माझ्या हातात दिलं. कॉम्प्युटरवर मी बसायची, त्यामुळे फोटो उघडायचं काम माझंच. सत्कारामागून सत्कार सरकत गेले. शाल, नारळ, शाल, नारळ. प्रत्येकाची नजर कॅमेऱ्यात, प्रत्येकाची हनुवटी वर. मग तो आला.

अक्षतांचा फोटो.

उजवीकडून ऊन आडवं आत आलं होतं आणि त्या उन्हात अक्षता हवेत थांबल्या होत्या, एकेक दाणा वेगळा. मुलीच्या चेहऱ्यावर लाल कापडाची छटा नव्हती, तिचा स्वतःचा रंग होता. आणि कुणीही, अगदी कुणीही, कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं. फ्लॅश उडाला नव्हता, त्यामुळे फोटो निघतोय हे कुणाला कळलंच नव्हतं. सगळे मुलीकडे बघत होते. तिच्या मागं दादा उभे होते. फेटा किंचित सरकलेला, अक्षता टाकायला उचललेली मूठ तशीच मिटलेली, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. सत्कारांतले दादा आणि हे दादा एकच आहेत हे ओळखायला मला वेळ लागला.

सोबतचा एक जण म्हणाला, "दादा, तुमी रडायलाव की."

"गप बे," दादा म्हणाले. फोटोवरून नजर काढली नाही.

मग फोटोच्या उजव्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. तिथं कनातीचं उचललेलं कापड दिसत होतं आणि कापडाला धरलेला एक हात, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. "ह्यो हात कुनाचा आलाय मधीच? त्येवढा काढून टाका, बाकी झ्याक हाय."

कॉम्प्युटरवर हात कापून टाकणं अवघड नव्हतं. मी माउस पुढं नेलासुद्धा. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यो न्हाई काढायचा, दादा," त्या म्हणाल्या. "तुमी काल म्हनलात ना, फ्लॅश पडला न्हाई? त्यो हातच माझा फ्लॅश व्हता."

दादांनी फोटोकडे पाहिलं, मग दुकानात इकडेतिकडे पाहिलं. मी घड्याळाचा हात काउंटरखाली घेतला. अप्पांना ते दिसलं असणार, कारण ते उगीचच चष्मा पुसायला लागले.

हात राहिला. अल्बमच्या मधल्या दोन पानांवर मिळून तो फोटो लागला. काही दिवसांनी दादा एकटेच आले आणि त्याचीच एक मोठी प्रत करून घेऊन गेले. कुठं लावणार हे सांगितलं नाही. त्यापुढच्या लग्नसराईत ताई आमच्याकडे सेल न्यायला इतक्यांदा आल्या, की अप्पांनी त्यांना सत्कार किती हे विचारणं सोडून दिलं. दुसरा फ्लॅशही त्यांनी घेतला, मोठाच. अक्षता पडताना मात्र तो बंद ठेवायच्या.

आता अप्पा दुकानात अधूनमधूनच येतात, गुडघे साथ देत नाहीत. काउंटर माझ्याकडे आहे. रोलचा कॅमेरा शोकेसमध्ये ठेवलाय, लहान मुलांना दाखवण्यासाठी. त्याच्या वर ताईंनी दिलेली त्या फोटोची प्रत आहे. नवे फोटोग्राफर तिच्यासमोर उभे राहतात आणि असा फोटो काढायचा तर काय घ्यावं, कुठली लेन्स, कुठला फ्लॅश, असं विचारतात. काही जण तो हात कुणाचा हेही विचारतात. मी फिल्टर पुसत राहते.

मग त्यांना हूड दाखवते, दोन लहान कार्डं दाखवते, ग्रिप दाखवते, आणि सत्कार किती आहेत ते विचारते. शेवटी एक प्रश्न माझा स्वतःचा असतो. तो ऐकून ते गोंधळतात, कारण ती वस्तू आमच्या दुकानात मिळत नाही.

"कनात धरायला सोबत कोण आहे?"